मेंगच्या घरचा विझता बॉयलर

प्यो मानसूचा बॉयलरवर राग नव्हता, राग होता तो माणसांवर. बॉयलर बिचारा बिघडला की बिघडतो, आढेवेढे घेत नाही. माणसं मात्र पहिलं बर्फ पडेपर्यंत हूं की चूं करत नाहीत, आणि मग एका सकाळी अख्खं खोरं याच्या फोनवर तुटून पडतं. 'मिस्त्री, आधी आमच्याकडे या, घरात म्हातारं माणूस आहे.' आता या डोंगरात कुणाच्या घरात म्हातारं माणूस नाही, ते सांगा. तरुण होते ते केव्हाच शहरात गेले. मागे उरली ती म्हातारी माणसं आणि त्यांच्या घरांची जमीन तापवणारे रॉकेलचे बॉयलर.

मानसू स्वतः साठीला टेकला होता. आयुष्यभर ओल्या कोब्यावर बसून बर्नर उघडायचे, त्यानं गुडघ्यांची पार वाट लागली होती. बायको मुलीच्या बाळंतपणाला म्हणून लांब इंचॉन शहरात गेली ती तिकडचीच झाली. फोनवर विचारायची, "जेवलात का?" हा म्हणायचा, "जेवलो." जेवण म्हणजे गाडीत बसून खाल्लेली भाताची गार गुंडाळी. घरी पोचला की स्वतःच्या बॉयलरचा आकडा वाढवायलाही याचा हात उठत नसे. कोमट जमिनीवर कपड्यांसकट आडवा व्हायचा. लोकांच्या घरात ऊब घालता घालता याच्या वाट्याला काही राहिलंच नव्हतं, आणि त्याचं त्याला आता वाईटही वाटत नसे, इतका तो दमला होता.

त्या हिवाळ्यात त्याला छळलं ते दोल्गोगेच्या मेंगच्या बॉयलरनं.

दोल्गोगे म्हणजे खिंडीच्या तोंडाशी असलेली मोजकी घरं, त्यातलं सगळ्यात वरचं मेंग दोंगपिलचं. म्हाताऱ्याचं तारुण्य कोळशाच्या खाणीत गेलं होतं आणि म्हातारपणी त्या खाणीनं त्याची फुप्फुसं मागून घेतली. शहरातल्या इस्पितळात डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा त्यानं एकच हट्ट धरला, मला माझ्या जमिनीवर नेऊन निजवा. बायको बुन्नाम त्याला घेऊन आली. वोन्जूला राहणाऱ्या थोरल्या मुलाच्या, छांगग्यूच्या, हे मनात नव्हतं. त्यानं आईला बजावून ठेवलं होतं, जमीन एकदा जरी गार पडली तरी मी गाडी पाठवीन आणि बाबांना शुश्रूषेच्या इस्पितळात टाकीन. नळ्यांतून फिरणाऱ्या गरम पाण्यावर त्या घरातली जमीन तापायची, आणि त्या जमिनीवर म्हाताऱ्याचा श्वास चालायचा. विजेची गादी होती, पण त्याची पाठ कागदासारखी झाली होती, गादीनं ती भाजली. तेव्हा जो काही होता तो बॉयलरच होता.

आणि बॉयलर मध्येच विझत होता.

"विझतो म्हणजे कसा विझतो, मावशी?" पहिल्या दिवशी मानसूनं विचारलं.

"मला काय कळतंय. घुर्रर्र करतो, मग गप्प बसतो. लाल दिवा लुकलुकतो. बटण दाबलं की पुन्हा पेटतो. कधी दिवसभर चालतो, कधी तासाभरात मान टाकतो." बुन्नामनं हात पुसले. "यांना कळू देत नाही मी. पांघरूण अजून एक घालते आणि पळत येऊन बटण दाबते."

"बॉयलर जुना नाही तुमचा."

"मुलानंच बसवलाय. म्हणून तर त्याला सांगायची चोरी."

मानसूनं बर्नर उघडला. आत एक मिरीएवढा काचेचा डोळा असतो. त्याला काम एकच, ज्योतीकडे बघत बसायचं. ज्योत दिसेनाशी झाली की तो रॉकेल बंद करून टाकतो, नाहीतर न जळलेलं रॉकेल साचून घर पेटायचं. मेंगच्या बॉयलरचा डोळा काजळीनं आंधळा झाला होता. मानसूनं तो पुसला, रॉकेलची गाळणी बदलली, टाकीच्या तळाशी साचलेलं पाणी काढलं, बर्नर पेटवला. ज्योत कशी छान, पिवळीधमक. बुन्नामनं गोड कॉफीचा कप आणून दिला, तो संपेपर्यंत हा ज्योतीकडे बघत बसला. पुढचे फोन येत होते तरी बसला. ज्योत हललीसुद्धा नाही.

"झालं," तो म्हणाला.

कसलं झालं. आठवडा गेला नाही तर पुन्हा फोन.

आता मध्येच विझणाऱ्या बॉयलरचं दुखणं काय असतं ते या धंद्यातल्यालाच ठाऊक. सरळ बंद पडलेला बॉयलर परवडला, त्याचा मुडदा समोर असतो, चिरफाड करता येते. हे असलं दुखणं मिस्त्री दारात आला की पळून जातं आणि त्याची गाडी वळणाआड गेली की परत येऊन बसतं. दुसऱ्या खेपेला मानसूनं रॉकेल फवारणारी तोटी बदलली, ठिणगीच्या दोन सळया घासून नीट केल्या, वायरी ओढून पाहिल्या. डोळ्यावर पुन्हा काजळी होती. काजळी म्हणजे हवा कमी, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. म्हणून तो मुद्दाम उठून बॉयलरच्या खोलीचा झरोका बघून आला. झरोका मोकळा होता, हात घालून पाहिला, बाहेरचा वारा बोटांना लागला. धुराडं काढून पाहिलं, त्यात ना घरटं ना पालापाचोळा. खोली तर इतकी स्वच्छ, की जेवायला बसावं. पंख्याची झडप थोडी जास्त उघडून ठेवली, एवढंच करण्यासारखं होतं. मग पुन्हा कॉफी, पुन्हा ती पिवळीधमक ज्योत.

आतल्या खोलीतून म्हाताऱ्याचा आवाज आला. आवाज कसला, वाराच तो. "मिस्त्री आलाय का गं?"

"आलाय."

"त्याला म्हणावं, पुढच्या वेळी पथारी घेऊनच ये. इथंच राहा म्हणावं."

मानसूला हसू आलं आणि लाजही वाटली. तो आत जाऊन वाकला. म्हातारा गादीवर हाडांचा सापळा होऊन पडला होता, पण डोळे मिस्कील. "काका, होईल नीट," मानसू म्हणाला.

"मला घाई नाही," म्हातारा म्हणाला. "घाई दुसऱ्यालाच आहे." मग बायकोकडे वळून त्यानं विचारलं, "ढेपा वाळल्या का गं?"

"वाळतायत," बुन्नाम म्हणाली आणि मानसूच्या हातातला रिकामा कप घेऊन घाईनं बाहेर गेली.

तिसऱ्या खेपेनंतर मात्र मानसूच्या डोक्याला ताप झाला. बदलण्यासारखं होतं नव्हतं ते सगळं बदलून झालं होतं. त्याला वाटायला लागलं की आपलंच काहीतरी चुकतंय, नजर गेली, हात गेले, आता हा धंदा सोडून इंचॉनला जावं आणि नातवाला खेळवत बसावं. त्यात छांगग्यूचा फोन आला.

"मिस्त्री, खरं सांगा. आई लपवते. बॉयलर विझतो ना अजून?"

गाडीच्या काचेवर बर्फ साचत होतं.

"मला बाबांना तिथं गारठून जाऊ द्यायचं नाहीये हो. मी काय वैरी आहे का त्यांचा? तिनं एकटीनं किती करायचं? रविवारी येतो मी. तोवर झालं तर झालं, नाहीतर घेऊन जातो."

मुलगा वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर चार शब्द सुनावता आले असते.

मानसूची एक सवय होती, आणि ती या भागात सगळ्याच मिस्त्रींना असते. कुणाच्या घरी न सांगता जायचं नाही. निघताना फोन करायचा, 'निघालोय, पोचतो.' माणसाला तोंड धुवायला, अंथरूण उचलायला वेळ द्यावा लागतो. शनिवारी तो खिंडीपलीकडच्या एका घरचं काम उरकून परतत होता आणि गारठ्यानं त्याच्या फोननं मान टाकली होती. दोल्गोगेचा फाटा आला. रविवार उद्यावर आलेला. गुडघे म्हणत होते घरी चल. शिव्या घालत त्यानं गाडी वर वळवली.

अंगणात कुणी नव्हतं. आतून बुन्नामचा आवाज येत होता, नवऱ्याला पेज भरवत असावी. मानसू थेट मागच्या बॉयलरच्या खोलीकडे गेला आणि दार ओढलं. दार उघडेना. फटींत बाहेरून चिंध्या ठासलेल्या. त्यानं जोर लावून ते ओढलं तेव्हा कोंदट, आंबूस, ओल्या घोंगडीसारखा वास नाकात शिरला.

खोली ओळखू येईना. वरच्या नळीवरून भाताच्या पेंढ्याच्या दोऱ्यांनी बांधलेल्या मेजूच्या ढेपा लटकत होत्या, शिजवून कुटलेल्या सोयाबीनच्या, विटेएवढ्या, पांढऱ्या बुरशीनं मढलेल्या. खाली पेंढा पसरलेला. आणि झरोक्यात, जिथून बॉयलरनं श्वास घ्यायचा तिथं, एक जुनी फुलाफुलांची रजई गच्च कोंबलेली. त्याच्या डोळ्यांदेखत बॉयलर घुरघुरला, बर्नरच्या काचेतली ज्योत लाल झाली, धुरकटली, लडखडली आणि विझली. लाल दिवा लुकलुकू लागला.

पहिल्यांदा त्याला आनंद झाला, खोटं कशाला बोला. सापडला चोर. आपले हात गेले नव्हते, नजर गेली नव्हती. आणि पुढच्याच क्षणी त्यानं दार सताड उघडून धरलं. कारण त्या खोलीची भिंत म्हाताऱ्याच्या उशाशी होती.

मानसूच्या लहानपणी घरं कोळशाच्या विटांवर तापत. एका हिवाळ्यात जमिनीच्या चिरेतून कोळशाचा विषारी वायू वर आला. सकाळी शेजारणीनं दार फोडलं, पोरांना अंगणात ओढलं आणि तोंडात आंबवलेल्या मुळ्याचं गार पाणी ओतलं. मानसूनं डोळे उघडले. त्याच्याच पांघरुणात झोपलेल्या थोरल्या बहिणीनं उघडले नाहीत. वायूला वास नसतो, रंग नसतो. जगभरातल्या सगळ्या गोष्टींना हा माणूस कंटाळला होता, पण बुजलेला झरोका बघितला की अजूनही त्याला अंगणातलं ते गार पाणी आठवायचं.

त्यानं रजई उपसून बाहेर फेकली. आवाजानं बुन्नाम धावत आली, हातात पेजेची वाटी तशीच. त्याला बघून तिचा चेहरा पडला.

"तुम्ही फोन नाही केलात," ती म्हणाली.

"मावशी, काय केलंत हे? दोघंही झोपेत गेला असतात. कळलंही नसतं कुणाला. रविवारी मुलगा आला असता आणि त्यानं काय बघितलं असतं?" मानसूचा आवाज चढला होता, आणि ग्राहकावर आवाज चढवण्याची त्याची ही पहिलीच वेळ असेल. "भोक कशाला बुजवलंत?"

"ढेपांना ऊब लागते. वारा लागला की भेगाळतात."

"मग मी आलो तेव्हा हे कुठं होतं सगळं? तीनदा आलो मी. तीनदा."

बुन्नामनं मान खाली घातली. "तुमचा फोन आला की काढून ठेवत होते. ढेपा कोठारात, रजई माळ्यावर. झाडून घेत होते. बाहेरचं माणूस घरात येणार, आणि त्याला हा वास, हा पसारा दाखवायचा? मला तसलं वळण नाही हो."

तीन खेपा, नवी तोटी, नवी गाळणी, झोपेचं खोबरं, आणि ही बाई त्याचा मान राखायला म्हणून दुखणं उचलून कोठारात लपवत होती. तिच्यावर रागवावं तरी कसं. तो पेंढ्यावरच बसला. गुडघे वाजले.

"ढेपा दरवर्षी आतल्या खोलीतच टांगतात ना? सगळेच टांगतात."

"या वर्षी यांना तपासायला येणारी नर्स नको म्हणाली. बुरशी छातीला वाईट." बुन्नाम उंबऱ्यावर टेकली. "मी म्हटलं, राहू दे, या वर्षी नाही करत. तर हे घरी आल्या दिवसापासून विचारतायत, ढेपा बांधल्यास का, ढेपा वाळल्या का. मिस्त्री, या ढेपांचं जांग, आपलं वर्षभराचं आंबवण, वसंतात मिठाच्या पाण्यात घालायचं. खायला मिळणार ते शरदात. मी ढेपाच केल्या नाहीत तर त्यांना काय कळेल?" तिनं वाटीतली पेज ढवळली, उगाच. "की मी त्यांना शरदात धरलेलंच नाही."

बॉयलरचा लाल दिवा लुकलुकत राहिला. मानसूनं उठून डोळा पुसला, बटण दाबलं. ज्योत पेटली.

"ए मिस्त्री," भिंतीपलीकडून आवाज आला. "आत ये. दोघंही या."

म्हाताऱ्यानं सगळं ऐकलं होतं. भिंत ती केवढी. त्याला धाप लागली होती, पण तो हसत होता. "मला वाटत होतं, ही ढेपा नुसत्या तोंडानंच वाळवतेय. वास कसा येत नाही घरात? पन्नास हिवाळे या वासात झोपलोय मी. इस्पितळात झोप लागेना ती हा वास नव्हता म्हणूनच."

"नर्स म्हणाली—" बुन्नामनं सुरुवात केली.

"नर्स पोरसवदा आहे. तिला म्हणावं, बुरशीला खायला माझ्या छातीत शिल्लक काय ठेवलंय खाणीनं?" तो थांबला, श्वास गोळा केला. "इथं टांग. माझ्यावर टांग. मला दिसल्या पाहिजेत."

बुन्नाम बाहीचा मळका काठ डोळ्यांना लावून उभी राहिली. मग निमूटपणे ढेपा आणायला गेली.

आढ्याजवळ बांबूची जुनी आडवी काठी अजून होती. मानसू स्टुलावर चढला. एकेक ढेप बुन्नामनं हातात द्यायची, त्यानं बांधायची. खालून म्हातारा मुकादमासारखा देखरेख करत होता. "ती सरळ माझ्या डोक्यावर नको रे. पडली नि मेलो तर छांगग्यू तुला धरेल."

"काका, तुम्ही इतक्यात मरत नाही. माझ्याच गुडघ्यांवर बसून राहणार तुम्ही."

"बघ, म्हणालो नव्हतो का, पथारी घेऊन ये म्हणून."

जाताना मानसूनं झरोक्याला बाहेरून लोखंडी जाळी ठोकली, रजई काय रुमालही आत जाऊ नये अशी. विषारी वायूचा भोंगा गाडीत होता तो म्हाताऱ्याच्या उशाशी लावला. "हा ओरडला तर आधी दार उघडायचं, मग मला शिव्या घालायच्या," त्यानं बुन्नामला सांगितलं. आणि फोन चालू झाल्यावर छांगग्यूला एवढंच कळवलं की बॉयलर नीट झाला, हवा कमी पडत होती.

छांगग्यू रविवारी आला. आत शिरताच त्यानं नाक मुरडलं, आढ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. बुन्नामनं हे सगळं मागाहून मानसूला फोनवर सांगितलं. मुलगा भांडायच्या तयारीनं आला होता म्हणे, पण बापाशेजारी पाठ टेकली आणि जमीन इतकी तापली होती, की बोलता बोलता घोरायला लागला. संध्याकाळी उठला तो ढेपांबद्दल चकार शब्द न काढता परत गेला. इस्पितळाची गाडी आलीच नाही.

तो हिवाळा मानसूनं कसा काढला ते त्याचं त्याला माहीत. खोऱ्यातल्या नळ्या गोठल्या, पंप जळले, माणसं फोनवर रडली, ओरडली. दोल्गोगेहून मात्र फोन आला नाही. फाट्यावरून जाताना तो काच खाली करून वरच्या घराचं धुराडं बघायचा. पांढरा, पातळ धूर. मग काच वर करून पुढे जायचा. दिवसभरातलं तेवढं एक काम पूर्ण झाल्यासारखं त्याला वाटायचं.

चांद्र नववर्ष उलटलं, खिंडीतलं बर्फ चिखल झालं. लोक जांग घालायला चांगला दिवस बघायला लागले. आणि एका सकाळी बुन्नामचा फोन आला.

"मिस्त्री, तो बॉयलर."

मानसूनं किल्ली शोधत विचारलं, "पुन्हा विझला?"

"नाही. विझत नाहीये. छान चाललाय. पण आता त्या खोलीतली जमीन गार करायला हवी, असं शेजारी म्हणतायत. मुलगा वाटेत आहे, तो पोचेस्तोवर यांना घरातच ठेवायचंय. मला तो बंद करता येत नाहीये. अख्ख्या हिवाळ्यात फक्त चालू करायचंच बटण दाबलं हो मी."

मानसू तसाच निघाला. 'निघालोय, पोचतो' असं त्यानं म्हटलं नाही.

अंगणात दोन-चार शेजारणी होत्या, त्या बाजूला झाल्या. बॉयलरच्या खोलीत ज्योत पिवळीधमक जळत होती, डोळा स्वच्छ होता. सगळा बॉयलर बंद करायची गरज नव्हती. भिंतीलगत दोन खोल्यांच्या नळ्यांना दोन व्हॉल्व्ह होते. आतल्या खोलीचा त्यानं आवळून बंद केला. बाहेरच्या खोलीचा चालू ठेवला, तिथं बुन्नामला बसायचं होतं, ढेपांनाही तिथंच टांगावं लागणार होतं. दुरुस्त केलेलं बंद करण्याचं काम त्याच्या हातांनी कधी केलं नव्हतं, आणि ते किती सोपं होतं याचा त्याला राग आला.

आत म्हाताऱ्यावर पांढरी चादर होती आणि चादरीवर वरून ढेपा लटकत होत्या, वाळून कडक झालेल्या, पिवळसर, ज्याच्यासाठी केल्या त्याला शेवटपर्यंत दिसलेल्या. मानसूनं डोकं टेकून नमस्कार केला. तळव्यांना जमीन लागली. गरम होती.

"मावशी, वेळ लागेल," उठताना तो म्हणाला. "पाणी बंद केलंय, पण जमीन लगेच निवत नाही."

बुन्नाम नवऱ्याच्या पायाशी बसली होती. तिनंही हात जमिनीवर ठेवला आणि तसाच ठेवून दिला.

"निवू दे सावकाश," ती म्हणाली. "आता कुठं घाई आहे."